देवांचं न्हाणीघर आणि सव्वीस थिएटरं

2025च्या मार्च-एप्रिलमध्ये घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची सगळी मंडळी एकाएकी गोंडस झाली. मामा-मावश्या, साखरपुड्याचे फोटो, गडावरची ट्रेकची टोळी, सगळ्यांना मोठे डोळे आले, गाल गुलाबी झाले आणि मागे पांढरेशुभ्र ढग फुगले. एआय चॅटबॉटला फोटो द्यायचा, ‘घिबली करून दे’ म्हणायचं, की थोड्याच वेळात चित्र तयार. ज्या जपानी स्टुडिओची ही शैली, त्या स्टुडिओ जिब्लीचा (आपल्याकडे सर्रास ‘घिबली’) एकही चित्रपट न पाहिलेल्या लोकांनीही त्याच्या शैलीत स्वतःला काढून घेतलं.

हे चित्रपट मुळात बनतात कसे आणि आपल्यापर्यंत पोचतात कसे, हे समजून घ्यायला त्यातला एकच पुरे आहे: ‘स्पिरिटेड अवे’. जपानी नाव ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’. जपानमध्ये तो 20 जुलै 2001 रोजी लागला आणि त्याची सुमारे 2 कोटी 35 लाख तिकिटं विकली गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतेरा कोटींच्या आसपास होती, म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एक तिकीट. पुढच्या वर्षी 20 सप्टेंबरला तोच चित्रपट अमेरिकेत लागला तो फक्त 26 थिएटरांत. आणि त्यानंतर सहा महिन्यांनी त्यालाच सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

चित्रपट तोच, एक फ्रेमही इकडची तिकडे झालेली नाही. मग एका देशात लाट आणि दुसऱ्या देशात सव्वीस पडदे, हे कसं? उत्तराचा थोडा भाग चित्र काढणाऱ्यांच्या टेबलावर सापडतो, थोडा पैसे घालणाऱ्यांच्या करारात आणि उरलेला डबिंगच्या खोलीत.

आधी गोष्ट

दहा वर्षांची चिहिरो आईबाबांबरोबर नव्या गावी राहायला निघालेली असते. कुरकुरी, रडवेली, पाय ओढत चालणारी मुलगी. वाट चुकते, एक बोगदा लागतो, पलीकडे ओसाड बाजार. आईबाबा मांडून ठेवलेल्या अन्नावर ताव मारतात आणि त्यांची डुकरं होतात. अंधार पडल्यावर कळतं, की ही जागा देवांची आहे. थकलेभागले देव इथल्या भल्यामोठ्या न्हाणीघरात अंघोळीला येतात. न्हाणीघराची मालकीण युबाबा ही चेटकीण चिहिरोला कामावर ठेवते, पण तिचं नाव काढून घेते आणि तिला ‘सेन’ करून टाकते. पुढे आईबाबांना सोडवणं, नाव परत मिळवणं, हाकू नावाच्या मुलाला मदत करणं वगैरे. खलनायक म्हणावा असा कुणीच नाही. युबाबासुद्धा कष्टाळू, हिशेबी आणि लेकरावर जीव टाकणारी बाई आहे.

दिग्दर्शक हयाओ मियाझाकींना ही गोष्ट सुचली ती एका स्नेह्याच्या दहा वर्षांच्या मुलीकडे पाहून. या वयाच्या मुलींसाठी निघणारी चित्रमासिकं त्यांनी चाळली, तर त्यांत प्रेमप्रकरणांखेरीज फारसं काही नव्हतं. त्यांना सुंदर नसलेली, धाडसी नसलेली, साधी मुलगी हवी होती.

सेकंदाला चोवीस, पण सगळीच चित्रं नवी नाहीत

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. ‘स्पिरिटेड अवे’ दोन तासांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे 125 मिनिटांचा आहे. गुणाकार केला तर 1 लाख 80 हजार चौकटी होतात. एवढी चित्रं हातानं काढायची? कुठल्याही स्टुडिओचं दिवाळं निघेल.

इथे डोळ्यांच्या एका सवयीचा फायदा घेतात. सेकंदाला बारा चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी तसंच ठेवलं, तरी हालचाल सलग वाटते. यालाच ‘दोनावर’ काम करणं म्हणतात. ‘तीनावर’ केलं तर सेकंदाला आठच चित्रं लागतात. धावणं, पडणं, झटापट असेल तिथे चित्रं वाढवायची आणि पात्र विचार करत बसलं असेल तिथे कमी करायची. कुठे काटकसर करायची आणि कुठे सढळ हात ठेवायचा, हे ज्याला कळलं त्याला ॲनिमेशन कळलं.

जपानने ही काटकसर टोकाला नेली ती दूरचित्रवाणी मालिकांत. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ 1 जानेवारी 1963 पासून दर आठवड्याला येऊ लागली. आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, पैसा तुटपुंजा. मग चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, तीच चित्रं पुन्हा वापरायची, पार्श्वभूमी सरकवून वेगाचा भास निर्माण करायचा, अशा युक्त्या रूढ झाल्या. मियाझाकींनी या प्रथेवर पुढे कडक टीका केली. जिब्लीच्या चित्रपटांत चित्रांवर इतका खर्च दिसतो, त्यामागे हा जुना राग आहे.

आता हे काम पायरीपायरीने कसं होतं ते पाहू. दिग्दर्शक आधी चित्रकथा काढतो: कागदाच्या कडेला एकाखाली एक छोट्या चौकटी, शेजारी संवाद, हालचालीची सूचना आणि सेकंदांचा हिशेब. त्यावरून प्रत्येक दृश्याची मांडणी ठरते, कॅमेरा कुठे आहे, पात्र किती मोठं दिसेल, दार कुठल्या बाजूला उघडेल. मग मुख्य ॲनिमेटर हालचालीतले महत्त्वाचे टप्पे काढतो. चिहिरो जिना उतरताना पाय टाकते तो क्षण, तोल जातो तो क्षण, भिंतीवर आदळते तो क्षण. यांच्या मधली चित्रं काढण्याचं काम दुसऱ्यांचं. हे ‘मधले’ बहुतेक तरुण असतात आणि क्षेत्रात शिरण्याची पायरी हीच. त्यांचं नाव कुणी विचारत नाही, पण हालचालीतला गुळगुळीतपणा त्यांच्याच मनगटातून येतो.

चित्रं अनेक हातांची असली तरी चिहिरो प्रत्येक दृश्यात तीच दिसली पाहिजे. त्यासाठी ॲनिमेशन दिग्दर्शक असतो. तो प्रत्येकाच्या चित्रावर वेगळा कागद ठेवून चेहरा, खांदे, बोटं दुरुस्त करत जातो. या चित्रपटात ही जबाबदारी प्रामुख्याने मासाशी आंदो यांची होती. दृश्यं जवळपास चौदाशे.

पार्श्वभूमी मात्र वेगळ्या खोलीत, वेगळ्या लोकांकडून होते. कागदावर, पोस्टर कलरने. होय, आपल्याकडे एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं जे रंग घेऊन बसतात, त्याच जातीचे. न्हाणीघरातले लाल खांब, सोनेरी पडदे, कढईसारखे हौद, भिंतींवरची फुलं, हे सगळं कला दिग्दर्शक योजी ताकेशिगे यांच्या चमूनं ब्रशनं रंगवलं. पात्रांचे रंग तोवर संगणकात भरले जाऊ लागले होते. जिब्लीचा 1997 चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अजून मुख्यतः पारदर्शक शीट्सवर रंगवलेला होता आणि 1999 च्या ‘माय नेबर्स द यामादाज’पासून रंगकाम संगणकावर गेलं. म्हणजे ‘स्पिरिटेड अवे’ संकरित आहे: रेषा पेन्सिलीची, पार्श्वभूमी ब्रशची, पात्रांचा रंग आणि शेवटची जुळणी संगणकाची. रेषांची चित्रं एक लाखाहून जास्त झाली. 2001 साली हॉलिवूडमध्ये ‘श्रेक’ आणि ‘मॉन्स्टर्स, इंक.’ या संगणकावर घडवलेल्या चित्रपटांचा बोलबाला होता, हे लक्षात घेतलं तर हा हट्टच म्हणावा लागेल.

पटकथा तयार नाही, चित्रीकरण सुरू

मियाझाकी पटकथा लिहून काम सुरू करत नाहीत. ते चित्रकथा काढू लागतात आणि तिचा पहिला भाग हाती येताच ॲनिमेटर कामाला लागतात. शेवट काय, हे तेव्हा त्यांनाही माहीत नसतं. पहिली पंगत बसली आहे, वाढपी भात घेऊन निघाले आहेत, आणि आचाऱ्याने गोडाचं काय करायचं हे अजून ठरवलेलं नाही, अशी ही तऱ्हा. यात मजा आहे आणि धोकाही.

‘स्पिरिटेड अवे’मध्ये तो धोका समोर आला. काम 2000च्या सुरुवातीला सुरू झालं. काही महिन्यांत लक्षात आलं, की मनात असलेली गोष्ट सांगायला तीन तासांहून जास्त लागतील. प्रदर्शनाची तारीख ठरलेली होती. मियाझाकींनी कथेचा मोठा भाग सोडून दिला आणि सुरुवातीच्या एका दृश्यात पुलावर नुसतं उभं असलेलं एक पात्र उचललं: काळा झगा, पांढरा मुखवटा, तोंडातून धड शब्द नाही. त्याचं नाव काओनाशी, म्हणजे चेहरा नसलेला. आधी ते गर्दीतलं एक भूत होतं. आता तेच न्हाणीघरात शिरून नोकरांना सोनं वाटू लागलं, खाऊ लागलं, माणसं गिळू लागलं आणि अख्ख्या मधल्या भागाचा कणा झालं. निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तर पुढे जाहिराती त्याच्याभोवतीच बांधल्या. चित्रपट न पाहिलेल्यालाही आज तो मुखवटा ओळखीचा वाटतो. वेळ कमी पडला म्हणून जन्माला आलेलं पात्र!

मियाझाकींची दुसरी सवय म्हणजे कल्पनेतली गोष्टही पाहिलेल्या गोष्टीवरून काढायची. चिखल आणि दुर्गंधी घेऊन आलेल्या देवाच्या अंगातून चिहिरो एक सायकलचा दांडा ओढते आणि मागोमाग टनावारी कचरा बाहेर येतो. नदी साफ करताना खरोखर सायकल बाहेर काढल्याचा मियाझाकींचा अनुभव त्यामागे आहे. जखमी ड्रॅगनच्या तोंडात औषध कोंबण्याचं दृश्य काढायचं होतं, तेव्हा त्यांनी ॲनिमेटरांना सांगितलं, कुत्र्याला गोळी देता तसं काढा. तर त्यांच्यापैकी कुणीच कुत्रा पाळलेला नव्हता. मग मंडळी जनावरांच्या दवाखान्यात गेली, कुत्र्याचा जबडा कसा धरतात, हिरड्या कशा दिसतात हे पाहून, चित्रित करून परतली. न्हाणीघराभोवतीचं गाव आणि भट्टीवाल्या कामाजीच्या खोलीतले शेकडो खणही हवेतून आलेले नाहीत. स्टुडिओपासून जवळच, कोगानेई इथे जुन्या इमारती जतन करणारं एदो-टोकियो खुलं वास्तुसंग्रहालय आहे. तिथल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातले भिंतभर खण कामाजीच्या खोलीत गेले. तैवानमधलं ज्योफेन हे डोंगरी गाव ‘स्पिरिटेड अवेचं गाव’ म्हणून पर्यटकांनी फुललेलं असतं, पण ते आपण नमुना म्हणून घेतल्याचं मियाझाकींनी नाकारलं आहे. पर्यटकांना त्याचं काही नाही.

काम मागे पडू लागलं तेव्हा मधल्या चित्रांचं आणि रंगाचं काही काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओकडे दिलं गेलं. जपानी ॲनिमेशन म्हणजे फक्त जपानी हात, असा समज असेल तर तो सोडायला हवा.

चौकट: ‘स्पिरिटेड अवे’ एका नजरेत

दिग्दर्शक: हयाओ मियाझाकी. निर्माता: तोशिओ सुझुकी. संगीत: जो हिसाइशी.
खर्च: सुमारे 190 कोटी येन.
जपानमधील कमाई: पहिल्या फेरीत सुमारे 3,040 कोटी येन. (येनचे कोटी आणि रुपयांचे कोटी यांत गल्लत करू नये!)
बर्लिन महोत्सव, 2002: गोल्डन बेअर, पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘ब्लडी संडे’बरोबर विभागून.
ऑस्कर, मार्च 2003: सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट.
‘दोनावर’: एक चित्र दोन चौकटी दाखवणं.
‘मधलं चित्र’: हालचालीच्या दोन मुख्य टप्प्यांच्या मधलं चित्र.
निर्मिती समिती: अनेक कंपन्यांनी मिळून पैसा आणि जोखीम वाटून घेण्याची जपानी पद्धत.

पैसा कुणाचा?

जपानमध्ये बहुतेक मोठे ॲनिमेशनपट ‘निर्मिती समिती’ काढते. यात प्रत्येक भागीदाराचा स्वतःचा धंदा असतो आणि तो त्या धंद्यातून चित्रपटाला हात देतो. ‘स्पिरिटेड अवे’च्या मागे जिब्लीबरोबर प्रकाशनसंस्था तोकुमा शोतेन, निप्पॉन टेलिव्हिजन, जाहिरात कंपनी देंत्सू, डिस्ने, तोहोकुशिन्शा आणि मित्सुबिशी होते. वितरण तोहो कंपनीचं. वाहिनीकडे जाहिरातीचा वेळ आहे, जाहिरात कंपनीकडे प्रायोजक आहेत, वितरकाकडे थिएटरं आहेत. पैसा बुडाला तर एकट्याचा बुडत नाही आणि चित्रपट चालावा म्हणून सगळेच आपापल्या दारातून ओरडत राहतात. लॉसन या दुकानांच्या साखळीनेही, जी जपानमध्ये गल्लोगल्ली आहे, प्रचारात भाग घेतला.

तारीखही हिशेबाने धरलेली. 20 जुलै म्हणजे शाळांच्या उन्हाळी सुट्टीचं तोंड, त्यात तेव्हा तो ‘सागर दिन’ या सार्वजनिक सुट्टीचा दिवस होता. शिवाय मागचा अनुभव होताच: ‘प्रिन्सेस मोनोनोके’ने 1997 साली जपानचा कमाईचा विक्रम मोडला होता आणि तो विक्रम काही महिन्यांतच ‘टायटॅनिक’ने हिसकावला होता. ‘स्पिरिटेड अवे’ने ‘टायटॅनिक’ला मागे टाकलं. जानेवारी 2003 मध्ये तो निप्पॉन टेलिव्हिजनवर दाखवला, तेव्हा टोकियो परिसरातल्या 46.9 टक्के घरांनी तो लावला होता, आणि हे थिएटरमध्ये कोट्यवधींनी पाहून झाल्यावर.

आता अमेरिकेत यातलं काय होतं? काहीच नाही. डिस्ने तिथे वितरक होती, पण घरची शेतं पिकवायची सोडून ती शेजाऱ्याच्या शेताला पाणी कशाला धरेल?

तलवार आणि कात्री

जिब्लीला परदेशी वितरकांचा जुना चटका होता. मियाझाकींचा 1984 चा ‘नॉसिका’ अमेरिकेत 1985 मध्ये ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने आला, तोही वीसहून जास्त मिनिटं कापून आणि पात्रांची नावं बदलून. साहसपट वाटावा म्हणून जे शांत होतं ते काढून टाकलं. पुढे 1996 मध्ये डिस्नेशी करार झाला तेव्हा जिब्लीची एक अट ठाम होती: एक चौकटही कापायची नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ डिस्नेच्या मिरामॅक्स या शाखेकडे गेला आणि तिचा प्रमुख हार्वी वाइनस्टीन कापाकापीसाठी प्रसिद्ध. तेव्हा सुझुकींनी त्याला जपानी तलवार भेट दिली, निरोप एवढाच: कापायचं नाही. किस्सा मियाझाकींच्या नावावर फिरतो, पण त्यांनीच पुढे सांगितलं, की ते काम निर्मात्याचं होतं.

चित्रपट न कापता लागला. नील गेमन यांच्यासारख्या लेखकाने त्याचे इंग्रजी संवाद लिहिले होते. कमाई पंचवीस लाख डॉलरपर्यंतही गेली नाही. अमेरिकी वितरकांनी यातून काढलेला धडा सोपा होता: जपानी ॲनिमेशन इथे चालत नाही. माझ्या मते धडा चुकीचा होता, पण व्यापारात चुकीचे धडेही पैशाच्या भाषेत लिहिलेले असतात आणि ते लवकर पाठ होतात.

शिनचॅनचे ओठ

इथे एक घरगुती कोडं सोडवून घेऊ. आपल्याकडची मुलं ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीत पाहत वाढली. मुळात जपानी बोलणारी ही पात्रं हिंदी बोलताना ओठ चुकल्यासारखे का वाटत नाहीत? डब केलेला हॉलिवूडपट पाहताना मात्र लगेच खटकतं.

कारण चित्रात जीभ आणि दात बोलत नाहीत. जपानी मालिकांत बोलणाऱ्या तोंडाची बहुतेकदा तीनच चित्रं असतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. ती आलटून पालटून दाखवतात. शाळेतल्या व्याकरणात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आपण शिकलो, ज्यांच्या उच्चारात ओठ मिटतात. डबिंगच्या संवादलेखकाला मुख्यतः एवढंच सांभाळावं लागतं: तोंड मिटतं तिथे शक्यतो असा वर्ण यावा किंवा वाक्य थांबावं, आणि ओठ हलायचे थांबले की आवाजही थांबावा. बाकी प्रेक्षकाचा मेंदू जुळवून घेतो.

हॉलिवूडमध्ये आधी आवाज ध्वनिमुद्रित करतात आणि त्यावर ओठ काढतात. जपानमध्ये बहुधा उलट असतं, चित्र पुढे आणि आवाज मागे. म्हणजे जपानी कलाकारसुद्धा एका अर्थी चित्राला आवाज ‘बसवत’च असतो. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये चिहिरोला आवाज दिला रूमी हिइरागी या तेव्हा शाळकरी असलेल्या मुलीने. आईच्या आवाजासाठी यासुको सावागुची यांनी खाता-खाता बोलण्याच्या दृश्यात खरोखर तळलेली कोंबडी खात संवाद म्हटले.

आणखी एक गंमत. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठी-हिंदीसारखं. ‘मी उद्या गावाला जाणार’ या क्रमानेच जपानी माणूसही बोलतो. त्यामुळे भीती, होकार, नकार जिथे उमटतो ती जागा, म्हणजे वाक्याचं शेपूट, आपल्या भाषेतही त्याच ठिकाणी पडते. चेहऱ्यावरचा भाव आणि शब्द सोबत येतात. इंग्रजीत वाक्य उलटून बसवावं लागतं आणि भाव आधी, शब्द नंतर असा घोळ होतो. इंग्रजी डबिंग हे खरोखरच अवघड काम आहे.

‘स्पिरिटेड अवे’चं इंग्रजी डबिंग डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे सहदिग्दर्शक कर्क वाइज यांनी केलं आणि त्यावर देखरेख होती पिक्सारचे जॉन लॅसेटर यांची. लॅसेटर मियाझाकींचे जुने चाहते आणि मित्र. त्यांनी जोर लावला नसता तर डिस्नेने एवढंही केलं असतं का, शंकाच आहे. डबिंग चांगलं आहे. चौकट कापायची नाही, पण शब्द घालायला कुणी मनाई केलेली नव्हती, आणि ते घातले गेले. चिहिरो पहिल्यांदा ती भव्य इमारत पाहते, तेव्हा इंग्रजीत तिच्या तोंडी हे न्हाणीघर असल्याचं वाक्य आहे. जपानी प्रेक्षकाला सांगायची गरज नव्हती, दारावरचा पडदा आणि धुराडं पाहूनच त्याला कळतं. शेवटी गाडी निघून जाताना जपानीत शांतता आहे. इंग्रजीत बाबा नव्या शाळेबद्दल धीर देतात आणि मुलगी, मला जमेल, अशा अर्थाचं उत्तर देते. तिथे बोलणारे चेहरे समोर नाहीत, म्हणून वाक्य बेमालूम बसलं. पहिली भर मला पटते. दुसरी नाही. दोन तास जे दाखवलं तेच शेवटी तोंडाने सांगणं म्हणजे प्रेक्षकावर अविश्वास.

मियाझाकींचा कस नेमका या शांततेत लागतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या आणि दोन टाळ्यांच्या मधल्या जागेकडे लक्ष वेधलं होतं. सतत काहीतरी घडत राहिलं तर ती नुसती धावपळ होते, असं त्यांचं म्हणणं. पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीचं दृश्य आठवा किंवा पाहा. कुणी बोलत नाही, काही घडत नाही, सावल्यांसारखे प्रवासी उतरत जातात. 1985 च्या कात्रीने पहिल्यांदा हेच उडवलं असतं.

सव्वीस थिएटरांचा हिशेब

2002 मध्ये चित्रपट अजून रिळांवर जात होते. थिएटर वाढलं की प्रत वाढली, प्रत वाढली की खर्च वाढला, आणि प्रतींपेक्षा कितीतरी मोठा खर्च दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींचा. म्हणून वितरक दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर पहिल्याच दिवशी हजारो पडदे आणि जाहिरातींचा भडिमार. नाही तर मोठ्या शहरांतली मोजकी थिएटरं, चांगली परीक्षणं, लोकांची शिफारस आणि मग हळूहळू विस्तार. डिस्नेने आपल्या ‘ट्रेझर प्लॅनेट’साठी त्याच वर्षी पहिला मार्ग घेतला, तीन हजारांहून जास्त थिएटरं. ‘स्पिरिटेड अवे’ला दुसरा मार्ग मिळाला.

दुसरा मार्ग वाईट नसतो, पण विस्तार मनापासून करावा लागतो. परीक्षणं उत्तम आली तरी थिएटरं फार वाढली नाहीत आणि ऑस्करच्या आधीची कमाई पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास रेंगाळली. मग ऑस्करची नामांकनं आली: ‘स्पिरिटेड अवे’, ‘आइस एज’, ‘स्पिरिट’ आणि डिस्नेचे स्वतःचे दोन, ‘लिलो अँड स्टिच’ व ‘ट्रेझर प्लॅनेट’. तीन हजार थिएटरांतला ‘ट्रेझर प्लॅनेट’ तोवर दणकून आपटला होता. सव्वीस थिएटरांतला जिंकला.

मियाझाकी सोहळ्याला गेले नाहीत. 23 मार्च 2003 ही तारीख होती आणि इराकवरचा हल्ला तीन-चार दिवसांपूर्वीच सुरू झाला होता. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जावंसं वाटलं नाही, हे कारण त्यांनी 2009 मध्ये उघड केलं. तोवर निर्मात्याने त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. पुरस्कारानंतर डिस्नेने चित्रपट सातशेहून जास्त थिएटरांत नेला आणि अमेरिकेतली एकूण कमाई एक कोटी डॉलरच्या घरात गेली. जपानमधल्या कमाईच्या मानाने ही चिल्लर. तरीही ‘जपानी ॲनिमेशन इथे चालत नाही’ हे वाक्य त्यानंतर कुणाला आधीइतक्या खात्रीने म्हणता आलं नाही.

उशिरा आलेली गर्दी

थिएटरांनी जे केलं नाही ते डीव्हीडी, दूरचित्रवाणी आणि पुढे इंटरनेटने केलं. 2016 मध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातल्या सर्वोत्तम चित्रपटांची यादी करवली, त्यात हा चौथा आला, ॲनिमेशनपटांत नव्हे तर सगळ्या चित्रपटांत. चीनमध्ये तो अधिकृतपणे थिएटरांत लागला जून 2019 मध्ये, म्हणजे अठरा वर्षं उशिरा. तोवर चोरट्या प्रतींवर तो पाहून एक पिढी मोठी झाली होती. हीच पिढी तिकीट काढून पुन्हा आली, 48 कोटी युआनहून जास्त कमाई झाली आणि पहिल्या आठवड्याअखेर त्याने ‘टॉय स्टोरी 4’ला मागे टाकलं. जपानमधला त्याचा विक्रम टिकला 2020 च्या अखेरपर्यंत, तो मोडला ‘डेमन स्लेयर: मुगेन ट्रेन’ने, तोही हाताने काढलेल्या चित्रांवर उभा असलेला जपानी ॲनिमेशनपट. 2022 मध्ये जॉन केर्ड यांनी टोकियोत ‘स्पिरिटेड अवे’ रंगभूमीवर आणला आणि 2024 मध्ये तो प्रयोग जपानी भाषेतच लंडनला गेला.

भारतात जपानी ॲनिमेशनपटांना थिएटर मिळणं ही अगदी अलीकडची गोष्ट. माकोतो शिंकाई यांच्या ‘वेदरिंग विथ यू’साठी चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला, हजारो सह्या झाल्या आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तो इथल्या पडद्यांवर लागला. जिब्लीचे चित्रपट 2020 पासून नेटफ्लिक्सवर आपल्यालाही उपलब्ध झाले, त्यात ‘स्पिरिटेड अवे’ आहे.

पाहणार असाल तर जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं लावून पाहा. वाचता न येणारं लहान मूल सोबत असेल तर इंग्रजी डबिंगही खुशाल लावा, ते मनापासून केलेलं आहे. फक्त आगगाडीचं दृश्य लागलं की मोबाइल खाली ठेवा.